कुंपणावरच्या हिरव्या मुनिया

कोराडी वसाहत,
६ ऑगस्ट १९७८

कु. प्रेमिला देवराव गजभिये हिस,

जयभीम. हे पत्र तुझ्या आईच्या आग्रहावरून लिहीत आहे. विळीने तिचे बोट कापले आहे, म्हणून लेखणी माझ्या हातात आली. मजकूर तिचा समजावा, अक्षर माझे.

घरी सर्व ठीक आहे. मी सध्या रजेवर आहे. गेल्या महिन्यात वीजकेंद्रातल्या ड्युटीवरून येताना सायकलपुढे म्हैस आली आणि माझा डावा पाय मोडला. रामदासपेठेतल्या हाडाच्या डॉक्टरांनी मांडीपर्यंत प्लास्टर घातले आहे. दिवसभर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसतो. काळजीचे कारण नाही आणि येण्याचेही कारण नाही.

तुझ्या आईचा प्रश्न असा. पुढच्या बागेत कढीपत्त्याजवळ एक पक्षी येतो. अंगठ्याहून थोडा मोठा. पाठ हिरवट, डोक्यावर तांबूस टोपी, शेपूट सरळ वर. अंगाच्या मानाने आवाज फार मोठा आणि एका लयीत, व्हॉल्व्हमधून वाफ गळावी तसा. तुझी आई म्हणते, ही चिमणी. मी म्हणतो, नाही. चिमणी मी ओळखतो. तुझे शिक्षण याच विषयाचे आहे, तेव्हा तुला विचारावे असे तिचे म्हणणे पडले.

उत्तर आईच्या नावाने पाठवावे.

देवराव गजभिये


कोराडी,
२७ ऑगस्ट १९७८

चि. प्रेमिला हिस,

जयभीम. तुझे पत्र मिळाले. आईच्या नावाने होते पण मी फोडले, कारण तिचे बोट. बोट आता बरे आहे. अक्षर मात्र माझेच राहील असे तिने ठरवले आहे.

शिंपी. ठीक. पण तो पाने शिवून घरटे करतो हे तू लिहिलेस, ते मी खरे मानले नाही. तुझ्या आईला वांग्याच्या झाडात पाहायला लावले. ती वाकून पाहते आणि एकदम तोंडावर हात ठेवते. मग मी कुबड्या घेऊन स्वतः गेलो. डॉक्टरांनी मनाई केली आहे, पण गेलो. एकच रुंद पान, दोन्ही कडा ओढून जुळवलेल्या. आत कापूस आणि तीन पिल्ले, नुसती चोच आणि भूक. प्रेमिला, ती शिवण नाही. मी ती नीट पाहिली. दोरा एका भोकातून दुसऱ्यात जातच नाही. प्रत्येक टाका वेगळा. भोकातून कापूस बाहेर काढून त्याची गुंडी फुगवलेली. त्याला आम्ही रिव्हेट म्हणतो. तुमच्या पुस्तकात शिवण लिहिली असेल तर दुरुस्त करावी.

तू लिहिलेस की पक्षी दिसला की आधी चोच पाहायची, मग डोळ्याभोवती, मग पोट, मग शेपटीचे मूळ, आणि रंगाकडे सगळ्यात शेवटी, कारण रंग उन्हासावलीत फसवतो. हे मला पटले. आम्हीही नव्या पोरांना आधी मशीनचा रंग पाहू नका म्हणून सांगतो.

त्याप्रमाणे जास्वंदीवर येणारा काळा भुंगा म्हणजे भुंगा नाही हे मी स्वतः शोधले. चोच बाकदार, लांब. काळा म्हणावा तर उन्हात जांभळा पेटतो. त्याची बायको मळकट पिवळी. नाव सांगावे. घाई नाही, पण लवकर सांगावे.

माझ्या पायाबद्दल विचारलेस. पाय हा तुझ्या आईच्या पत्राचा विषय नाही.

परवा इंजिनियर वझलवारसाहेब विचारपूस करायला आले होते. चहा घेतला. तुझे पण विचारले. तू मेडिकल कॉलेज सोडले तेव्हा हेच साहेब म्हणाले होते, "जमलं नसेल तिला, गजभिये. सगळ्यांना जमत नाही." मी त्या दिवशीही काही बोललो नव्हतो, परवाही बोललो नाही. त्यांना शिंप्याचे घरटे दाखवले.

देवराव


कोराडी,
२१ सप्टेंबर १९७८

चि. प्रेमिला,

जयभीम. जांभळा सूर्यपक्षी हे नाव मला आवडले. तुझी आई त्याला साहेब म्हणते, बायकोला कामाला लावतो आणि स्वतः चमकतो म्हणून. मेहंदीच्या कुंपणात जो शेपूट हलवत वटवट करतो त्याचे नाव वटवट्याच निघावे, हे मात्र फार सोपे झाले. कोण ठेवते ही नावे?

शेजारच्या सिंधूताईंनी विचारले, "दादा, दिवसभर झाडात का पाहून राहिले?" मी म्हटले, ड्युटी. त्यांचे यजमान मारोतराव टाइम ऑफिसात हजेरीवर आहेत, तुला आठवतील. तेही आता संध्याकाळी खुर्ची घेऊन येतात. मी त्यांना चोचीपासून सुरुवात करायला शिकवले. इथल्या पानांवर राखेची पूड असते, त्यामुळे सगळेच पक्षी पहिल्यांदा करडे दिसतात. थांबावे लागते. पाऊस पडून गेला की पाने धुतली जातात आणि मग बाग एकदम ओळखू येते.

तू मागच्या पत्रात शेवटी एक ओळ लिहिलीस. "बाबा, तुम्ही अजून रागावलेले आहात का?" आईच्या पत्रात अशी ओळ लिहायला नको होती. पण लिहिलीस तर उत्तर देतो.

तू मेडिकलची सीट सोडून आलीस आणि म्हणालीस की मला पक्ष्यांचे शिकायचे आहे. मी म्हणालो, आता या दारात पाय ठेवू नको. शब्द माझेच होते. मी शब्द फिरवणारा माणूस नाही, आणि तूही तीन वर्षे पाय ठेवला नाहीस. मावशीकडे राहून बी.एस्सी. केलीस, स्कॉलरशिपवर पुण्याला गेलीस. मला कळत होते सगळे.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. माझी आई, बायजाबाई, कुहीला तापात गेली. मी तेव्हा शाळेत होतो. वैद्य आला, पण अंगणाच्या बाहेर उभा राहिला. तिथून विचारले, जीभ कशी आहे, अंग किती तापले आहे. पुडी जमिनीवर ठेवली आणि गेला. नाडी धरली नाही. आमच्यातल्या बाईचा हात त्याने कसा धरावा? तीन दिवसांनी आई गेली. छप्पन साली दीक्षाभूमीवर मी उभा होतो तेव्हा माझ्या मनात दुसरे काही नव्हते, नुसता तो हात होता. तू त्याच वर्षी जन्मलीस. तेव्हाच ठरवले की ही नाडी धरील.

एवढेच. रागाचे म्हणशील तर ते हे आहे.

पुढच्या आठवड्यात प्लास्टर कापणार. मग ड्युटी सुरू. पक्षी पाहायला वेळ मिळणार नाही, तेव्हा पत्रेही कमी होतील.

देवराव


कोराडी,
३० ऑक्टोबर १९७८

चि. प्रेमिला,

जयभीम. महिनाभर लिहिले नाही. ड्युटी लागली. पाय थोडा ओढतो, पण टर्बाइन हॉलच्या पायऱ्या मी चढतो. पत्र लिहायचे कारण नव्हते. आता आहे. मोठे आहे.

गेल्या आठवड्यात एका सकाळी नळाजवळ चार पक्षी दिसले. चिमणीहून लहान. आणि हिरवे! पोपटी हिरवे, चोच लाल, मिरचीसारखी. मी एवढ्या जोराने तुझ्या आईला हाक मारली की मारोतराव दाढीचा साबण लावलेले धावत आले. तुझी आई दाणे निवडत होती, तिने वर पाहिलेसुद्धा नाही. म्हणाली, "असतील कोणते तरी." तिला मी म्हटले, अवं, असे पाखरू या कोराडीत कोणी पाहिले नाही!

रोज येत आहेत. भीती अशी नाहीच. तुझी आई त्यांच्यासाठी कुंपणावर बाजरी टाकते. तिला या वयात पक्ष्यांची आवड लागली. सकाळी उठते तशी आधी तिकडे जाऊन पाहते, चारही आहेत ना.

हे काय आहे ते ताबडतोब कळव. उत्तर माझ्या नावाने पाठवले तरी चालेल.

बाबा


कोराडी,
२२ नोव्हेंबर १९७८

चि. प्रेमिला,

जयभीम. तुझे पत्र मी मारोतरावांना, सिंधूताईंना, वझलवारसाहेबांना आणि दूधवाल्या गोविंदाला वाचून दाखवले. हिरवी मुनिया! आणि तूच लिहितेस की फार थोड्या ठिकाणी राहिली आहे, तुझ्या सरांनी स्वतः एकदाच पाहिली आहे. मला तर रोज दिसते. मी दात घासतो तेव्हा दिसते.

तू दोन गोष्टी विचारल्यास. पोटाच्या दोन्ही बाजूंना काळे-पांढरे आडवे पट्टे आहेत का? आहेत. स्वच्छ आहेत. मागच्या पत्रात लिहायचे राहिले. शेपटीच्या मुळाशी लाल दिसते का? थोडे तांबूस वाटते, पण ते सकाळच्या उन्हामुळे. रंग उन्हात फसवतो हे तूच सांगितलेस.

तू लिहितेस, "बाबा, घाई करू नका, अजून कोणाला सांगू नका." सांगून झाले आहे. वझलवारसाहेब स्वतः कॅमेरा घेऊन आले होते, त्यांच्या व्हरांड्यातून कोणी कधी काही पाहिले नाही म्हणून जरा खट्टू होते. त्यांच्या ओळखीचा एक पेपरवाला आहे. सतरा डिसेंबरच्या रविवारी त्याला घेऊन येतो म्हणाले. गजभियांच्या बागेत दुर्मिळ पक्षी, असे छापून येईल. माझा फोटोही घेणार. मी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला आहे.

तुझे सर म्हणत असतील की कोणीतरी जाणत्याने येऊन खात्री केली पाहिजे, तर त्यांनी यावे. त्यांना जमत नसेल तर त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी यावे.

पक्षी पाहायला येणाऱ्याला मी अडवत नाही.

बाबा


कोराडी,
१९ डिसेंबर १९७८

प्रेमिला बेटा,

तू रविवारी दुपारच्या बसने गेलीस तेव्हापासून मी हे पत्र मनात लिहीत आहे. तू जाताना मी बोललो नाही. बसस्टॉपवरही आलो नाही. तू आईला म्हणालीस, "बाबा पुन्हा रागावले." आईने मला ते सांगितले. म्हणून त्या दिवशी जे झाले ते सगळे आज लिहितो. तुला अर्धेच माहीत आहे.

पहाटे मी उठून बाहेर आलो तर तू मेहंदीच्या कुंपणाबाहेर, रस्त्यावर उभी. खांद्याला पिशवी, गळ्यात दुर्बीण, डोक्याला शाल गुंडाळलेली. केव्हापासून उभी होतीस कोण जाणे. स्टेशनवरून पहिल्या बसने आली असशील. मी फाटकापाशी आलो. तू म्हणालीस, "बाबा, आत येऊ, का इथूनच पाहू?"

तीन वर्षांत तुझा आवाज ऐकला नव्हता. मला म्हणायचे होते ते वेगळेच होते. मी म्हणालो, "तिथून पट्टे दिसत नाहीत."

तू आत आलीस. तुझी आई दारात उभी होती, तिने पदर डोळ्याला लावला आणि मला उगीच म्हणाली, "धूर किती होऊन राहिला चुलीचा." आपल्याकडे स्टोव्ह आहे.

मग नऊच्या सुमारास सगळे जमले. वझलवारसाहेब, त्यांचा पेपरवाला, मारोतराव, सिंधूताई, बॉयलरवरचे दोघे-तिघे. मी इस्त्रीचा शर्ट घालून उभा होतो. खरे सांगू? मी पक्ष्यांकडे पाहत नव्हतो. मी लोकांकडे पाहत होतो. ते तुझ्याकडे कसे पाहतात ते पाहत होतो. तू मातीत गुडघे टेकून बसलीस आणि दुर्बीण लावलीस. सगळे चूप. चारही मुनिया नळाच्या डबक्यात उतरल्या, अंग ओले केले, कुंपणावर जाऊन पिसे झटकली. तू पाहत राहिलीस. मारोतराव खोकले तर तू नुसता हात वर केलास आणि तेही चूप.

तू उठलीस, दुर्बीण उतरवली, आणि आधी माझ्याकडे पाहिलेस. त्या नजरेत मला सगळे कळले. म्हणजे कळले, पण मी मानले नाही. तू हळूच म्हणालीस, "बाबा, रंगवलेल्या आहेत ह्या."

"कशावरून?"

"लाल मुनियांच्या माद्या आहेत. पक्षी विकणारे हिरवा रंग देतात. पाहा, मानेखाली नवं पीस आलं आहे, तपकिरी. शेपटीच्या मुळाशी लाल आहे, पंखावर पांढरे ठिपके. हिरव्या मुनियेला ठिपके नसतात."

मी म्हणालो, "अन् पट्टे?"

"पट्टे नाहीत, बाबा."

तू दुर्बीण माझ्या हातात दिलीस. मी पाहिले. नव्हते. मी महिनाभर रोज पाहत होतो ते पट्टे नव्हतेच. तू पत्रात विचारलेस आणि मला दिसायला लागले. मशीनवर मी असे कधी केले नाही बेटा. आवाज नसताना आवाज ऐकला नाही.

पेपरवाल्याने वही खिशात घातली. बॉयलरवरचा कोणी तरी हसला. तू हात धुवायला घरामागच्या मोरीवर गेलीस, आई तुझ्या मागोमाग. इथपर्यंतच तुला माहीत आहे. आता पुढचे ऐक.

वझलवारसाहेब मोठ्याने हसले. "गजभिये, होळी खेळून आली वाटतं तुमची मुनिया!" सगळे हसले. मीही हसण्यासारखे तोंड केले. मग साहेब माझ्या जवळ आले आणि समजुतीने म्हणाले, "पोरगी फारच सरळ आहे हो. वडलांसाठी तरी हो म्हणायचं होतं तिनं. पेपरात नाव आलं असतं. कोण तपासायला येणार होतं?"

मी चौदा वर्षे त्यांच्या हाताखाली आहे. त्यांना उलटून कधी बोललो नाही. पण तोंडातून निघून गेले. मी म्हटले, "साहेब, बेअरिंग आवाज करून राहिलं, तर साहेबाला वाईट वाटंन म्हणून मी मशीन चालू ठेवतो का?"

ते म्हणाले, "तसं नाही हो, पण ही काही मशीन नाही."

"तिचं मशीन हेच आहे," मी म्हटले. "तीन वर्षं बापाच्या घरी आली नाही. आज आली. तिले माहीत होतं का, 'हो' म्हटलं तर बाप खूश होईन, घर पुन्हा उघडंन. अन् नाही म्हटलं तर पुन्हा रस्त्यावर. तरी नाही म्हणाली. सगळ्यांसमोर म्हणाली. तिले मेडिकल जमलं नाही असं तुम्ही म्हणले होते साहेब. जमत होतं. पहिल्या वर्षी वर्गात दुसरी होती ती. मी कोणाले सांगितलं नाही, कारण मलेच राग होता. आता सांगून राहिलो."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मला माहीत नव्हतं ते," म्हणाले. मग, "चूक झाली माझी." आणि पेपरवाल्याला घेऊन गेले. फाटकापाशी त्या पेपरवाल्याने मागे वळून विचारले, "तुमच्या मुलीचं नाव काय म्हणालात?" मी पूर्ण नाव सांगितले. माझ्या नावासकट.

तू मागून आलीस तेव्हा अंगण रिकामे होते आणि मी पाठ करून उभा होतो. तुला वाटले मी तोंड फिरवले. बेटा, माझे तोंड पाहण्यासारखे नव्हते. आयुष्यात मी लोकांसमोर रडलो नाही, ते काय तुझ्यासमोर रडायचे? जेवताना तू माझ्या ताटात भाकर वाढलीस, मी मान हलवली. तू पाया पडलीस, मी डोक्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. फार वेळ ठेवला असता तर सोडला नसता.

तू गेल्यावर संध्याकाळी मी कुंपणापाशी बसलो होतो. त्या चौघी बाजरी टिपत होत्या. तुझी आई येऊन शेजारी बसली.

"मी आणल्या होत्या त्या," ती म्हणाली.

"कुठून?" मी विचारले.

"बर्डीच्या बाजारातून. तुमचं औषध आणाले गेली होती तवा. एवढ्याशा पिंजऱ्यात कोंबून ठेवल्या होत्या हो, एकमेकींच्या अंगावर चढून राहिल्या होत्या. पाहवलं नाही. चार घेतल्या अन् रात्र व्हायच्या आत इथं सोडल्या. मले वाटलं उडून जातीन. नाही गेल्या."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"सकाळी तुम्ही हाक मारली," ती म्हणाली. "'मीरा, पाह्य, पाह्य!' असे. पोरगी गेल्यापासून तशी हाक तुम्ही मारली नव्हती. मंग तुम्ही पत्र लिहाले बसले. मी कायले सांगू? पुढं ती येतो म्हणाली, तवा तं मी तोंड शिवूनच घेतलं. वाटलं, एकदा येऊ तं द्या घरी."

"अन् सगळ्यांसमोर माझं हसं झालं ते?"

तुझी आई तुला माहीत आहे. ती हसली नाही, माफीही मागितली नाही. म्हणाली, "झालं थोडंसं. पण पोरगी कशी आहे ते तं दिसलं."

मी तिच्याशी भांडू शकलो नाही. दिसले, हे खरे आहे. तुझा हात वर झाला आणि मारोतरावांचा खोकला थांबला, ते मी पाहिले. तुझे गुडघे मातीत, डोळे त्या एवढ्याशा जीवावर, आणि आजूबाजूला कोण साहेब आहे, कोण बाप आहे याची तुला शुद्ध नाही. मी नाडी धरणारी पोरगी मागत होतो. ते मागणे माझ्या आईच्या दुःखातून आले होते, आणि ते दुःख तुझे नाही, माझे आहे. तुझे काम तुझे आहे. ते तू जसे करतेस तसे करताना मी आजवर फार थोडी माणसे पाहिली, आणि मी चांगल्या चांगल्या फिटरांबरोबर काम केले आहे.

दाराविषयी जे बोललो होतो ते मी परत घेतो. मी शब्द फिरवणारा माणूस नाही, पण हा फिरवतो.

त्या चौघींचे काय करायचे ते कळव. पिसे बदलली की जंगली मुनियांत मिसळतील का? आई विचारते. या वेळी खरेच आई विचारते.

तुझा बाबा


कोराडी,
११ मार्च १९७९

प्रेमिला बेटा,

जयभीम. तुझे पत्र मिळाले, आईने आधी वाचले, मग मी. मुनिया जानेवारीतच कोण्या थव्याबरोबर गेल्या हे तुला कळवले होते. दोघी अर्ध्या तपकिरी झाल्या होत्या. आई दोन दिवस कुंपणाशी जाऊन पाहत होती.

आज दुसऱ्या कामाचे लिहितो. आपल्या वसाहतीच्या जयंती समितीची परवा बैठक झाली. चौदा एप्रिलला व्याख्यान कोणाचे ठेवायचे यावर बोलणे चालले होते. कोणी वकील सुचवला, कोणी सिव्हिल सर्जन. कुहीहून धोंडबा काका आले होते, ते म्हणाले आमदाराला विचारा. मी उठून तुझे नाव सांगितले.

मारोतराव आपलेच, पण तेच म्हणाले, "पाखरांवरचं भाषण जयंतीले कोण ऐकंन गा, देवराव?"

मला भाषण येत नाही. तरी बोललो. म्हणालो, आपली पोरे डॉक्टर झाली, वकील झाली, व्हायलाच पाहिजेत. पोटासाठी शिकली, मानासाठी शिकली, कोणी पुन्हा दाराबाहेर उभे करू नये म्हणून शिकली. मी पण त्यासाठीच शिकवले. पण नुसते आवडले म्हणून शिकले, असे आपल्यात किती झाले? माझ्या बापाला आवडनिवड विचारली कोणी? मला विचारली? ही पोरगी आमच्या घरातली पहिली, जिला एक गोष्ट आवडली आणि तिने ती सोडली नाही. बापाने दार लावले तरी सोडली नाही. जयंतीला हे सांगायचे नाही तर काय सांगायचे?

मग धोंडबा काका, सत्तरीचे, लाकडी काठी टेकत उठले. मला वाटले विरोध करतील. ते म्हणाले, "माह्या वावरात एक पाखरू येते. शेपटी हातभर लांब, पांढरीशुभ्र. लहानपणापासून पाहून राहिलो, नाव माहीत नाही. पोरीले विचाराचं आहे. बोलवा तिले." ठराव तिथेच झाला. मारोतरावांनी स्वतः लिहून घेतला.

समितीचे रीतसर निमंत्रण येईल. जाण्यायेण्याची व्यवस्था समिती करणार आहे, तू नको म्हणू नको. वझलवारसाहेबांनीही विचारले, आम्ही आलो तर चालेल का. मी म्हटले, वेळेवर या, जागा राहणार नाही.

विषय तू ठरव, पण पक्ष्यांवरच बोल. सोपे बोल, बाया पुढे बसतात आणि त्यांना कळले नाही तर त्या आपसात बोलायला लागतात. आईने तुला पांढरे लुगडे नको, निळी साडी नेस म्हणून सांगितले आहे. ते तुमचे तुम्ही पाहा.

मी पहिल्या रांगेत बसणार आहे. आणि आधीच सांगून ठेवतो, कुठे चुकलीस तर तिथल्या तिथे उठून सांगीन, भर सभेत. तू माझी भीड ठेवली नाहीस, मीही तुझी ठेवणार नाही.

बाबा